पलटणींतून परत : पेण-रोह्याच्या शनवार-तेल्यांची हकीकत

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, घोसाळकर, वाकरूळकर, दिवेकर, नवगांवकर हीं आडनांवें कानीं पडलीं म्हणजे हे लोक आपल्या कोंकणांतले, एवढें कोणीहि मराठी माणूस सांगेल. आणि त्याचें म्हणणें चुकीचें ठरणार नाहीं. परंतु त्याच आडनांवांपुढें समुएल, अब्राहाम, इझिकिएल, रूबेन असें नांव आलें कीं ऐकणारा जरा थबकतो. कुलाबा जिल्ह्यांतील बेने इस्राएल समाजाचे हे लोक. (कुलाब्यास १९८१ सालापासून रायगड जिल्हा म्हणतात, जुन्या काळाविषयीं लिहितांना आम्हीं जुनेंच नांव ठेविलें आहे.) नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या आणि त्यांच्यापासून हा वंश वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ती किती जुनी व किती खरी, हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. इतकें निश्चित कीं, पिढ्यान् पिढ्या हे लोक अलिबाग, पेण, रोहे, पाली, म्हसळें या टापूंत घाणा चालवून तेल काढीत, मराठी बोलत, आणि शनिवारीं घाण्यास बैल जुंपीत नसत. म्हणून गांवकऱ्यांनीं त्यांना 'शनवार तेली' हें नांव दिलें.

या तेल्यांनीं शंभरावर वर्षें मुंबईच्या पलटणींना शिपाई, जमादार आणि सुभेदार पुरविले. आणि पलटणीचें दार अरुंद झाल्यावर त्यांच्या मुलांनीं कचेऱ्या, रेल्वे, इस्पितळें व शाळा गांठल्या. माजी सैनिकांचें पुनर्वसन हा शब्द अलीकडे वारंवार ऐकूं येतो. त्यासाठीं खातीं आहेत, महामंडळें आहेत, राखीव जागा आहेत. प्रश्न मात्र जुना आहे. लढाईचा इतिहास लिहिणारे लोक शिपाई रणांतून बाहेर पडला कीं लेखणी खालीं ठेवतात. पुढें तो कोणत्या गांवीं गेला, तेथें त्याला काय काम मिळालें, त्याच्या मुलाचें काय झालें, याची नोंद क्वचितच सांपडते. पेण आणि रोहे हीं दोन गांवें आम्हीं निवडलीं तीं यासाठीं कीं, येथल्या एका लहानशा समाजाच्या निमित्तानें हा प्रवास आरंभापासून पाहतां येतो.

कंपनी सरकारनें मुंबईस कवायती शिपायांच्या पलटणी नीट उभारल्या त्या १७६८ च्या सुमारास. त्याच काळांत बेने इस्राएल तरुण कोंकणांतून होडीनें मुंबईस जाऊन पलटणींत नांव घालूं लागले. मुंबईच्या फौजेची एक विशेष गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकत तिच्यावर उभी आहे. बंगालच्या फौजेंत वरिष्ठ जातींचा भरणा असे आणि त्यांच्या सोंवळ्या-ओंवळ्याची बूज राखणें हें तेथें शिस्तीचेंच एक अंग होऊन बसलें होतें. मुंबईच्या फौजेंत तसें नव्हतें. तेथें मराठा, महार, मुसलमान, परदेशी, बेने इस्राएल हे एकाच रांगेंत उभे राहत, आणि हुशार असेल त्याला, जात कोणतीहि असो, हुद्दा मिळे. सारा बेने इस्राएल समाज त्या काळीं दहा हजारांच्या आंतलाच. परंतु एके काळीं मुंबईच्या पलटणींतील देशी अंमलदारांपैकीं जवळजवळ निम्मे आपल्या समाजाचे असत, असें त्यांचे इतिहासकार हाइम समुएल केहीमकर सांगतात. स्वजातीच्या अभिमानानें हा आंकडा थोडा फुगला असेल असें मानलें तरी, मूठभर तेल्यांनीं आपल्या संख्येच्या मानानें फार मोठी जागा मिळविली होती यांत शंका नाहीं.

या लोकांतील पहिला ठळक पुरुष म्हणजे समुएल इझिकिएल दिवेकर. मराठींत त्याला समाजी हसाजी म्हणत. तो कंपनीच्या फौजेंत नेटिव्ह कमांडंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. १७८३ सालीं जनरल मॅथ्यूज बेदनूर येथें टिपू सुलतानास शरण गेला, तेव्हां त्या फौजेबरोबर समाजीहि कैदेंत पडला. टिपूच्या दरबारांत त्याला जीवदान कसें मिळालें याविषयीं एक कथा बेने इस्राएल घराण्यांत सांगतात. 'तूं कोणत्या जातीचा?' असें विचारल्यावर त्यानें 'बेने इस्राएल' असें उत्तर दिलें; टिपूच्या आईनें तें ऐकून, हें नांव आपण कुराणांत वाचलें आहे पण ते लोक कधीं पाहिले नाहींत, असें म्हणून त्याच्यासाठीं रदबदली केली. कथा म्हणून ती गोड आहे. इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकूं नये. १७८४ चा तह झाल्यावर पुढें समाजी सुटून मुंबईस आला हें मात्र खरें, आणि १७९६ सालीं त्यानें मुंबईंत आपल्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें हेंहि खरें. 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार, हें त्याचें नांव. आपल्या प्रार्थनामंदिरास बेने इस्राएल लोक मराठींत 'मशीद'च म्हणत. आणि मुंबईच्या मशीद बंदर भागाला तें नांव या जुन्या मशिदीवरून पडलें असें म्हणणारेहि पुष्कळ आहेत. मंदिरासाठीं धर्मग्रंथाची गुंडाळी आणावयास समाजी कोचीनला गेला आणि १७९७ सालीं तेथेंच वारला.

समाजीची ही गोष्ट आम्हीं जरा विस्तारानें सांगितली याचें कारण असें. पलटणींतून सुटलेल्या माणसाचें पुढें काय होतें, या प्रश्नाचें पहिलें उत्तर त्यांत आहे. त्यापूर्वीं या समाजांत मोठा सावकार नव्हता, जमीनदार नव्हता, शिकलेला धर्मगुरु नव्हता. जो कोणी चार माणसांना हुकूम करूं शकत होता, हिशेब ठेवूं शकत होता आणि ज्याच्या गांठीं दरमहा येणारा पैसा होता, असा माणूस पलटणींतूनच तयार होऊन आला, आणि तोच समाजाचा पुढारी झाला. मुंबईंत जें समाजीनें केलें, तेंच पुढील दोन पिढ्यांत लहान प्रमाणावर कुलाब्याच्या गांवोगांवीं झालें. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, रोह्यासमोरचें अष्टमी, पोयनाड येथें एकामागून एक मशिदी उठल्या. पेणची मशीद १८६३ सालची. या सगळ्यांचा पैसा केवळ पेन्शनरांचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. तेल विकून सांठविलेला पैसाहि त्यांत होता. पण ज्या गांवांत पूर्वीं प्रार्थनेस एखाद्या घराची पडवी पुरे, तेथें दगडी इमारतीची कल्पना सुचावी, त्यासाठीं वर्गणीची यादी व्हावी, पंच नेमले जावेत, या गोष्टी लष्करी छावणींत वावरलेल्या माणसांना सोप्या होत्या.

आतां हे पेन्शनर गांवीं परत आल्यावर काय करीत? आमचा समज असा होता कीं, सरकार त्यांना जमिनी देत असेल. तसें इतरत्र झालें आहे. रोमन लोक आपल्या जुन्या शिपायांची वसाहतच बसवीत. बंगाल्यांत कंपनीनें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत भागलपूरच्या बाजूस अपंग व वृद्ध शिपायांना जमिनी देऊन त्यांचीं ठाणीं वसविलीं होतीं. पुढें पंजाबांत कालवे खणल्यावर चिनाब आणि झेलम यांच्या दुआबांतील ओलिताची जमीन माजी शिपायांच्या पदरांत पडली आणि त्यांच्या पिढ्या तिच्यावर सुखी झाल्या. कोंकणांत मात्र द्यावयास जमीनच नव्हती. पेणच्या खारेपाटांत समुद्राला बांध घालून काढलेल्या भाताच्या जमिनी शिलोत्र्यांच्या ताब्यांत. पेण, रोहे, माणगांव, महाड या तालुक्यांतलीं कित्येक गांवें खोतांच्या हातीं. उरलें तें डोंगर, वरकस आणि मिठागर. खोत आणि कूळ यांच्यामध्यें तिसऱ्यास शिरकाव नव्हता. (खोती कायद्यानें गेली ती १९४९ सालीं, आणि तीहि शेजारच्या अलिबाग तालुक्यांत चरीच्या शेतकऱ्यांनीं १९३३ पासून सहा वर्षें जमिनी ओसाड टाकून संप केल्यावर.) म्हणून कुलाब्याच्या पेन्शनराला सरकारकडून मिळाली ती केवळ रोकड. एखादा पेन्शनर त्या रोकडींतून थोडीशी भातजमीन किंवा नारळीची वाडी घेई. पण पंजाबी शिपायासारखा तो जमीनदार झाला नाहीं.

याचा एक परिणाम अनपेक्षित झाला आणि तो आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. जमीन मिळाली असती तर मुलगा जमिनीला बांधला गेला असता. जमीन नव्हती, आणि सुभेदाराच्या मुलाला घाण्याभोंवतीं बैल हांकणें कमीपणाचें वाटूं लागलें. घाण्याची बरकतहि पुढें रॉकेल आणि तेलाच्या गिरण्या आल्यावर राहिली नाहीं. तेव्हां मुलाला द्यावयास बापाजवळ दोनच गोष्टी उरल्या: पलटणीची ओळख आणि अक्षरओळख. पलटणींत वर चढावयाचें तर वाचतां-लिहितां आलें पाहिजे, हें बापानें स्वतः अनुभवलें होतें. छावणींत शिपायांच्या मुलांसाठीं शाळा असे. गांवीं किंवा मुंबईंत अमेरिकन मिशनच्या, आणि पुढें जॉन विल्सनच्या मिशनच्या शाळा होत्या. तेथें बेने इस्राएल मुलें मोठ्या संख्येनें जात, इतकेंच नव्हे तर त्यांच्यांतले कित्येक त्याच शाळांत मास्तरहि झाले. मिशनऱ्यांचा हेतु धर्मांतराचा होता. मुलांनीं शिक्षण घेतलें, विल्सनसाहेबानें लिहिलेलें हिब्रू व्याकरण घेतलें, आणि धर्म मात्र आपलाच ठेविला. आमच्या मतें ही त्या समाजाची शहाणपणाची मोठी खूण आहे.

पेन्शनीचा पैसा रकमेनें थोडा असे. पण त्याचा गुण रकमेंत नव्हता, नियमितपणांत होता. पाऊस पडो न पडो, घाण्यावर गिऱ्हाईक येवो न येवो, ठरल्या दिवशीं ठरलेले रुपये येणार, ही शाश्वति कुलाब्याच्या कुळाला कधींच ठाऊक नव्हती. तिच्यावरच मुलाला आठ-दहा वर्षें शाळेंत बसवून ठेवण्याची छाती होई. शेतावर राबणाऱ्याचा मुलगा आठव्या वर्षीं गुरांमागें जातो. पेन्शनराच्या मुलाला पाटी घेऊन बसणें परवडतें. त्या मुलाला कोणत्याहि सरकारी योजनेनें शाळेंत पाठविलें नव्हतें.

मग पलटणीचें दार अरुंद झालें. १८५७ च्या बंडानंतर सैन्याची पुनर्रचना सुरू झाली, ती वर्षानुवर्षें चालली. तींत एक नवें तत्त्व शिरलें: जातवार कंपन्या करावयाच्या, आणि बढती ज्याच्या त्याच्या जातीच्या कंपनींत द्यावयाची. कागदावर हें निरुपद्रवी दिसतें. पण ज्या समाजाची संख्या इतकी थोडी कीं त्याची स्वतंत्र कंपनी होणेंच अशक्य, त्याला या नियमानें वरचा जिना तोडल्यासारखें झालें. पूर्वीं बेने इस्राएल हवालदार मराठ्यांचा, महारांचा, मुसलमानांचा सुभेदार होऊं शके. आतां तो कोणाचा सुभेदार होणार? १८७० नंतरच्या दोन दशकांत या लोकांनीं पलटण हळूहळू सोडली. तीन प्रांतांच्या तीन फौजा १८९५ सालीं मोडून एक केल्या, तेव्हां मुंबईची ती जुनी मिश्र फौज नांवानेंहि संपली.

येथें त्या शाळांची परीक्षा झाली आणि त्या उतरल्या. रेल्वे, टपाल व तार, जकात, बंदर, पोलीस, बांधकाम या खात्यांत इंग्रजी येणारे, हिशेब ठेवणारे, वेळेवर येणारे लोक हवे होते. सुभेदारांच्या मुलांनीं आणि नातवांनीं त्या जागा घेतल्या. लष्करी इस्पितळांतून हॉस्पिटल असिस्टंट म्हणून काम करणारे तर त्यांच्यांत पुष्कळच होते. कोणी सुतारकामांत व गवंडीकामांत नांव मिळविलें. केहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८७५ सालीं मुंबईंत समाजासाठीं शाळा काढली. पुढें ती सर एली कदूरी यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. पेण आणि रोहे येथलीं घरें त्या पिढीपासून रिकामीं होऊं लागलीं. मुलगा मुंबईस, नातू पुण्यास किंवा कराचीस; गांवीं म्हातारा पेन्शनर, त्याची बायको, आणि सणासुदीला भरणारी मशीद. १९३७ सालीं मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर एलिजा मोझेस राजपूरकर हे याच समाजाचे. त्याच वर्षीं केहीमकरांचा इतिहास तेल अवीव येथें छापून निघाला. तो लिहून चाळीस वर्षें होत आलीं होतीं आणि ग्रंथकार केव्हांच निवर्तले होते.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं पेन्शन आणि शाळा एवढ्या दोन गोष्टी मिळाल्या कीं शिपायाचें घर उभें राहतें. तसें असतें तर बरें झालें असतें. याच जिल्ह्यांत, पेणहून महाडकडे जाणाऱ्या रस्त्यानें दक्षिणेस गेलें कीं, त्याच फौजेंतून त्याच हुद्द्यांवरून परत आलेल्या दुसऱ्या एका समाजाची हकीकत भेटते, आणि ती वेगळी आहे. महाड, दासगांव, आणि पलीकडे रत्नागिरींतील दापोली, मंडणगड हा महार पेन्शनरांचा टापू. कोरेगांवच्या १८१८ च्या लढाईपासून महार शिपायांनीं मुंबईच्या फौजेंत नांव कमावलेलें. त्यांनाहि पेन्शन होतें, त्यांच्याहि मुलांना छावणीची शाळा मिळाली होती, त्यांच्यांतहि सुभेदार-मेजर झाले. पण पेणचा शनवार तेली गांवीं परतला तो 'सुभेदारसाहेब' होऊन. त्याच्या हातचें पाणी कोणी घेवो न घेवो, विहिरीवर जाण्यास त्याला मज्जाव नव्हता. महार सुभेदार गांवीं परतला तो पुन्हां गांवकुसाबाहेर. पलटणींत ज्यांनीं त्याचा हुकूम ऐकला होता, त्यांच्याच गांवांत त्याची सावली ओंवळी. हा अपमान न शिकलेल्याला जितका लागतो त्याहून शिकलेल्याला कितीतरी अधिक लागतो.

महाडजवळच्या रावढूळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ सालीं लष्करांतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले. त्यांनीं नोकरी शोधली नाहीं; लेखणी हातीं घेतली. १८८८ सालीं 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून त्यांनीं अस्पृश्यतेस शास्त्राधार आहे काय असा सरळ सवाल केला. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. बेने इस्राएलांना जें नियमाच्या आडून झालें, तें यांना उघड हुकुमानें झालें. १८९४ सालीं वलंगकरांनीं त्याविरुद्ध अर्ज लिहिला. १८९५ सालीं महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हां बोर्डाचे इतर सभासद खवळले. त्याच १८९४ सालीं सुभेदार रामजी सकपाळ निवृत्त झाले. चौदा वर्षें लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिलेला हा माणूस कांहीं काळ दापोलीस राहिला, आणि मग साताऱ्यास बांधकाम खात्यांत भांडारपालाची नोकरी धरून गेला. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव. घरांत पुस्तक विकत घेण्यास पैसे नसतांनाहि पुस्तक आणलें जाई, हें त्या पेन्शनराच्या घरचें वळण होतें. तें कोठून आलें हें वेगळें सांगावयास नको.

भरती पुन्हां सुरू करावी म्हणून १९१० सालीं शिवराम जानबा कांबळे यांनीं थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. पहिलें महायुद्ध पेटल्यावर सरकारला माणसें हवीं झालीं, तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ सालीं ती मोडली गेली. चार वर्षांची नोकरी, आणि पुन्हां तेंच गांवकूस. या मोडलेल्या पलटणींतील आणि जुन्या पेन्शनरांतील पुष्कळ लोक १९२७ च्या मार्चांत महाडच्या परिषदेस आले होते. चवदार तळ्याचें पाणी प्याल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला. उलट हात उगारणें त्यांना सहज शक्य होतें, परंतु डॉक्टर आंबेडकरांनीं आवरल्यावर त्यांनीं स्वतःला आवरलें. ही शिस्त छावणींतली होती. माजी सैनिक समाजांत काय घेऊन येतो याचें याहून मोठें उदाहरण कुलाबा जिल्ह्यांत आम्हांला दुसरें दिसत नाहीं. आणि त्या माणसांच्या कामासाठीं, पोटासाठीं, कोणती कचेरी उघडी होती म्हणाल तर जवळजवळ कोणतीच नाहीं.

सरकारी व्यवस्था आली ती फार सावकाश. १९१७ सालीं मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनीं अपंग झालेल्या शिपायांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठीं क्वीन मेरी शाळा काढली. ती पुढें खडकीस गेली आणि आजहि तेथें आहे. हात किंवा पाय गमावलेल्या शिपायाला धंदा शिकवावा, भीक घालूं नये, हा विचार त्या काळीं नवा होता. १९१९ सालीं हिंदी सैनिकांसाठीं मध्यवर्ती बोर्ड झालें, जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच्या शाखा निघाल्या. त्यांचें बहुतेक काम अडलेलें पेन्शन सोडविणें आणि विधवांचे अर्ज पुढें ढकलणें हें होतें. ढकलणें हा शब्द आम्हीं विचार करून वापरला आहे.

खरा प्रश्न उभा राहिला १९४५ सालीं. दुसऱ्या महायुद्धांत हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलें होतें. महार रेजिमेंटहि १९४१ सालीं बेळगांवास नव्यानें उभी राहिली होती. आतां यांतल्या बहुतेकांना घरीं पाठवावयाचें होतें. जुलै १९४५ मध्यें सरकारनें पुनर्वसन आणि रोजगार यांचें खातें काढून ठिकठिकाणीं कचेऱ्या उघडल्या. आज ज्यांस आपण रोजगार विनिमय केंद्रें म्हणतों त्यांचा जन्म असा सैन्यांतून सुटणाऱ्या लोकांसाठीं झाला. सर्वसामान्य बेकारांना त्यांचें दार १९४८ सालीं उघडलें. परंतु नोंदणी झाली म्हणजे नोकरी लागली असें नव्हे, हें त्या तरुणांना लगेच कळून चुकलें. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईस 'तलवार' या ठाण्यावर नौसैनिकांचें बंड झालें. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ हीं कारणें सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या मागण्यांच्या यादींत लवकर मोकळें करा आणि शांततेच्या काळांतलें योग्य काम द्या, अशीहि मागणी होती, ती मात्र फारशी कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. बंडाचा एक पाय स्वातंत्र्याच्या आकांक्षेंत होता, दुसरा उद्यांच्या भाकरीच्या काळजींत.

स्वातंत्र्यानंतरची व्यवस्था पुष्कळ व्यापक आहे हें कबूल केलें पाहिजे. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळतात आणि त्या निधींतून सैनिकांच्या कुटुंबांना साहाय्य होतें. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालयें आहेत, महाराष्ट्र सरकारच्या खालच्या दोन वर्गांच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना पंधरा टक्के जागा राखीव आहेत, 'मेस्को' हें माजी सैनिकांचें महामंडळ आहे. तरीहि रोह्याजवळच्या धाटावसारख्या औद्योगिक वसाहतींतून जातांना फाटकापाशीं छाती पुढें काढून उभा असलेला रखवालदार पाहिला कीं आमचें मन खट्टू होतें. ज्यानें दहा-पंधरा वर्षें वाहनें दुरुस्त केलीं, बिनतारी यंत्रें चालविलीं, शंभर माणसांच्या जेवणाचा हिशेब ठेविला, त्याची किंमत बाहेरच्या जगानें फाटक उघडण्याइतकीच केली. वरच्या हुद्द्याचें तसें नसतें. बेने इस्राएल समाजांतलेच व्हाइस ॲडमिरल बेंजामिन सॅमसन खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे प्रमुख होते आणि पुढें त्यांनीं माझगांव गोदीची धुरा सांभाळली. ॲडमिरलाचें ज्ञान गोदीच्या उपयोगी पडतें हें सर्वांना दिसतें. हवालदाराचें ज्ञान कोणाच्या उपयोगी पडेल हें शोधण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

बेने इस्राएल समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्राएलास गेला. तेथेंहि त्यांच्यांतले जुने लोक मराठी बोलत, मराठींत कीर्तनें करीत, 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकहि त्यांनीं काढलें. पेण आणि रोहे येथें आतां मोजकींच कुटुंबें राहिलीं आहेत. पेणची मशीद उभी आहे, अष्टमीची उभी आहे. आडनांवें जगभर फिरत आहेत.

जून २०२२ मध्यें सरकारनें अग्निपथ योजना जाहीर केली. तीप्रमाणें भरती झालेल्या तरुणांपैकीं जास्तीत जास्त पाव लोक कायम होतात. बाकीचे चार वर्षांनीं घरीं येतात. येतांना त्यांना सुमारें पावणेबारा लाखांची एकरकमी सेवानिधि मिळते, पेन्शन मिळत नाहीं. पेण-रोह्याच्या सुभेदाराला जें मिळालें त्याच्या हें नेमकें उलट आहे. त्याला रक्कम थोडी होती आणि ती मरेपर्यंत येत होती. याला रक्कम एकदम आहे आणि ती एकदांच आहे. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं हातीं आलेला असा पैसा घर बांधण्यांत, बहिणीच्या लग्नांत किंवा मोटारगाडींत किती लवकर विरतो, हें कोंकणांतल्या घरांना सांगावयास नको. एक गोष्ट मात्र जुन्या छावणीच्या शाळेची आठवण करून देणारी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें या तरुणांसाठीं पदवीचा अभ्यासक्रम आंखला असून, नोकरींत मिळविलेलें कौशल्य त्यांत निम्म्या गुणांकांसाठीं धरलें जातें. २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभीं रुजू झालेल्या पहिल्या तुकड्यांचीं चार वर्षें २०२६-२७ मध्यें भरतात. त्यांतले किती जण पदवी हातीं घेऊन उतरतात, तें तेव्हां कळेल.